मेघनेचे पाणी कशाचे करावे? रेझिन, जेल आणि प्लास्टर यांची एका डायोरामावर केलेली पारख

स्केल मॉडेल करणाऱ्यांच्या मनात 'पाणी' म्हटले की सर्वांत आधी पारदर्शक रेझिनची बाटली उभी राहते, आणि गेल्या जूनमध्ये मी डायोरामाला, म्हणजे एखादा प्रसंग लहान मापात उभा करणाऱ्या देखाव्याला, हात घातला तेव्हा माझेही तसेच झाले. विषय ठरलेला होता: डिसेंबर १९७१ चे भारत-पाकिस्तान युद्ध, आजच्या बांगलादेशातली मेघना नदी, पाण्यात पोहता पोहता इंजिन तापलेला भारतीय सैन्याचा पीटी-७६ रणगाडा, त्याला दोराने ओढून नेणारी देशी नाव आणि एका कोपऱ्यात पैलतीराचा चिखलाचा काठ. डिसेंबरात काम संपले तोपर्यंत मी इपॉक्सी रेझिन, पॉलिएस्टर रेझिन, अतिनील प्रकाशात घट्ट होणारे रेझिन आणि ॲक्रिलिक जेल अशी चार द्रव्ये विकत घेतली होती, आणि तयार नदीचा बहुतेक भाग मात्र प्लास्टर आणि रंग यांचा होता. हे परीक्षण त्या द्रव्यांचे आहे. बाटल्यांवरची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच जातीचे रेझिन बाजारात निरनिराळ्या लेबलांखाली विकले जाते आणि खरा फरक लेबलांत नसून द्रव्याच्या जातीत असतो.

प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण कोणते पाणी करायचे हे त्यावरच ठरते. मेघनेवरचा आशुगंज आणि भैरव बाजार यांना जोडणारा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने माघार घेताना उडवून दिला. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरने ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांतून सैनिक नदीपलीकडे उतरवले. पीटी-७६ हा सोव्हिएत बनावटीचा, जमिनीवर चालणारा आणि पाण्यात पोहणारा हलका रणगाडा असल्यामुळे त्याला पुलाची गरज नव्हती. पण मेघनेचे पात्र इतके रुंद की मध्यावर इंजिने तापू लागली आणि स्थानिक नावांनी ते रणगाडे ओढून न्यावे लागले, असे युद्धाच्या वृत्तांतांत येते. चौदा टनांचे लोखंड नावाड्याच्या दोरावर चालले आहे, हे चित्र मला तोफा डागणाऱ्या रणगाड्यापेक्षा अधिक बोलके वाटले.

रणगाड्यासाठी ट्रम्पेटर कंपनीचा १/३५ प्रमाणातला संच वापरला. खऱ्या पीटी-७६ चे शरीर ६.९१ मीटर लांब आणि सुमारे ३.१५ मीटर रुंद आहे, म्हणजे मॉडेल १९७ मिलिमीटर लांब आणि ९० मिलिमीटर रुंद होते; सात मीटरची नाव २०० मिलिमीटर. दोन्हींच्या मध्ये दोर आणि कोपऱ्यात तिरका काठ धरला तर ज्या फळीवर हे सारे उभे राहते त्या पाटाचा आकार ६० बाय ३० सेंटिमीटरपेक्षा लहान करता येईना. त्यातले पाणी सुमारे १५०० चौरस सेंटिमीटर भरले. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये हा रणगाडा प्रत्यक्ष पाहायला मिळतो, आणि त्याच्या बाजूला उभे राहिले की त्याचे शरीर किती नावेसारखे आहे ते कळते. पोहताना त्याचे पट्टे पूर्ण पाण्याखाली जातात आणि वर उरतो तो जवळजवळ फक्त बुरूज व छताचा पत्रा, तेव्हा मॉडेलच्या खालच्या निम्म्या भागावर घेतलेली मेहनत पाण्यात जाणार हे आधीच मान्य करून टाकावे.

आता इपॉक्सी. दहा मिलिमीटर जाडीचा थर धरला तर १५०० चौरस सेंटिमीटरला दीड लिटर, म्हणजे वजनाने साधारण १६५० ग्रॅम द्रव्य लागते. मी पुण्यात स्टेशनरीच्या दुकानातून 'आर्ट रेझिन' या नावाने मिळणारे दोन बाटल्यांचे संच आणले: एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. पहिली चूक तिथेच झाली. लेबलवर 'प्रमाण २:१' एवढेच छापले होते. ते आकारमानाने की वजनाने, याचा पत्ता नव्हता. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजले. रेझिन हे हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे आकारमानाचे २:१ हे वजनात शंभराला पन्नास न पडता शंभराला त्रेचाळीस ते पंचेचाळीसच्या आसपास पडते. मी टाकलेला जादा हार्डनर थरातच राहिला आणि चाचणीसाठी ओतलेला तुकडा चार दिवसांनीही बोटाला चिकटत होता, नखाने दाबला की खाच पडत होती. मापाच्या दोन पेल्यांनी आकारमान मोजून केलेला दुसरा तुकडा दोन दिवसांत काचेसारखा कडक झाला. ज्या संचावर प्रमाण कशाने मोजायचे ते स्पष्ट लिहिलेले नाही तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

दुसरी फजिती पाटावरच झाली. काठाला पारदर्शक चिकटपट्टीचा बांध घातला आणि जुलैच्या एका संध्याकाळी एकाच दमात दहा मिलिमीटर ओतले. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते आणि थर जितका जाड तितकी ती आत कोंडते. रात्री पाटाला हात लावला तर तो चहाच्या कपासारखा गरम लागला. खालच्या प्लास्टरला मी नीट लाख चढवली नव्हती, त्यामुळे त्यातली हवा तापून बुडबुडे वर येत राहिले आणि अर्धे वाटेतच अडकले. चिकटपट्टीच्या सांध्यातून पहाटेपर्यंत इतके रेझिन गळले की फरशीवर पाटाची बाह्यरेषा कायमची उमटली आहे. घरच्यांनी ती अजून पुसू दिलेली नाही. पुढच्या संचाची मागणी आली की तिच्याकडे बोट दाखवले जाते. शिवाय पावसाळी दमट हवेत वरच्या पृष्ठावर मेणचट पांढुरकी साय धरली. ही साय हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी होणाऱ्या क्रियेतून येते आणि कोमट साबणपाण्याने निघते, एवढा दिलासा आहे. पण ती न काढता वर दुसरा थर ओतला तर तो पुढे सुटतो.

सर्वांत मोठा दोष मात्र या फजित्यांत नव्हता. ओले रेझिन उभ्या पृष्ठावर चढते. रणगाड्याच्या कडेने ते दोन-तीन मिलिमीटर वर सरकले आणि तिथेच घट्ट झाले. १/३५ मध्ये तीन मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर. जणू नदीच रणगाड्याला बिलगून वर चढली आहे. खरे पाणीही लोखंडाला चिकटून वर चढते, पण मूठभर मिलिमीटरच, आणि मॉडेलच्या मापात ते दिसणारच नाही. हा दोष सर्व ओतीव द्रव्यांत आहे आणि तो ओतून सुटत नाही, वरून लाटा चढवूनच झाकावा लागतो.

पॉलिएस्टर रेझिनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पुण्याच्या बोहरी आळीत फायबर ग्लासच्या कामासाठी ते सुटे आणि स्वस्त मिळते. त्यात स्टायरीन असते, आणि मॉडेलचे प्लास्टिक व थर्माकोल ही दोन्ही पॉलिस्टायरीनच असल्याने ते दोन्हींना खाते. थर्माकोलच्या तुकड्यावर चमचाभर टाकले तर डोळ्यांदेखत खड्डा पडला. त्यातला हार्डनर डोळ्यांना अत्यंत घातक असतो, आणि वास दोन दिवस घरातून जात नाही. या कामात त्याला जागा नाही.

फसलेला पाट समोर ठेवून मी बराच विचार केला, आणि मग एका रविवारी वाईला कृष्णेच्या घाटावर बसलो असताना एरवी साधी वाटावी अशी गोष्ट लक्षात आली. पायऱ्यांलगत हातभर अंतरापर्यंत तळाचा दगड दिसत होता; त्यापुढे नदीत काहीच दिसत नव्हते, दिसत होते ते फक्त आभाळ, समोरची झाडे आणि लाटांच्या कडा. मग मेघनेसारख्या अवाढव्य नदीच्या मध्यावर तर प्रश्नच नाही. पाहणारा तिथे पाण्याच्या आत पाहत नाही, पाण्यावर पाहतो. आणि मी दीड लिटर पारदर्शकता विकत घेऊन तिच्यातून प्लायवूडचा तळ दिसणार नाही याची काळजी वाहत होतो! पारदर्शक द्रव्य डबके, झरा, उथळ ओढा, पावसाने भरलेली चाकोरी यांच्यासाठी आहे. मोठी नदी अपारदर्शक पृष्ठ म्हणूनच करावी, हे या सहा महिन्यांतले माझे ठाम मत.

दुसऱ्या पाटावर म्हणून पद्धत बदलली. चाळीस मिलिमीटर जाडीच्या कडक निळसर फोमच्या पत्र्यात रणगाड्याच्या आणि नावेच्या आकाराचे खड्डे कोरले आणि मॉडेले पाण्याच्या रेषेपर्यंत त्यांत बसवली. बाकीच्या पृष्ठावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये थोडे फेविकॉल घालून पातळ लेप दिला. फेविकॉलमुळे ते सावकाश सुकते आणि लाटा घडवायला वेळ मिळतो. लाटा ओल्या बोटाने आणि रुंद कुंचल्याच्या मागच्या टोकाने घडवल्या. इथे मापाचे भान सुटले की सारे बिघडते. थंडीतल्या शांत नदीवर वाऱ्याने उठणारी दहा-पंधरा सेंटिमीटरची लहर मॉडेलमध्ये तीन-चार मिलिमीटरच असते. त्याहून उंच केली की मेघनेचा समुद्र होतो.

रंगात मी पुन्हा एकदा चुकलो, कारण 'बंगालची नदी' म्हणताच गढूळ चहाचा रंग डोळ्यांपुढे आला. तो रंग पद्मेचा. मेघनेचे पाणी त्या मानाने काळपट हिरवे असते, आणि चांदपूरजवळ या दोन नद्या मिळतात तिथे हा फरक दिसतो. शेवटी काळपट हिरव्या तळावर करड्या-हिरव्याचे तीन पातळ थर दिले, काठाकडे मातकट छटा वाढवत नेली, आणि लाटांच्या ज्या उतारांवर आभाळ पडेल त्यांवर फिकट करडा रंग कोरड्या कुंचल्याने ओढला. पाहणाऱ्याकडे तोंड केलेला उतार गडद आणि पलीकडचा, तिरका दिसणारा उतार फिकट ठेवला की चमक चढवण्याआधीच पृष्ठ ओले वाटू लागते.

चमक चढवली ती ॲक्रिलिक जेलने. चित्रकारांसाठी मिळणारे दाट, चकाकणारे जेल मीडियम मी वापरले. स्केल मॉडेलसाठी खास केलेली वालेहो आणि वुडलँड सीनिक्स यांची पाण्याची द्रव्येही बाजारात आहेत, त्यांपैकी काही ओतायची आणि काही कुंचल्याने उभारायची असतात. जेल बाटलीत दुधासारखे पांढरे असते आणि सुकल्यावर पारदर्शक होते. एक मिलिमीटरचा थर उन्हाळ्यात एका दिवसात निवळतो, पावसाळ्यात मला तीन दिवस लागले. जाड थर दिल्यास वर कातडी धरते आणि आत पांढरे डाग अडकून राहतात, म्हणून घाईला येथे जागा नाही. उलट याला वास नाही, मापे नाहीत, बांध नाही, उष्णता नाही. आणि रणगाड्याच्या कडेने चढलेल्या पाण्याचा तो दोषही नाही, कारण लाट आपण कुंचल्याने जिथे ठेवतो तिथेच राहते. १५०० चौरस सेंटिमीटरला मिलिमीटरभर थरासाठी १५० मिलिलिटर पुरते, इपॉक्सीच्या दहावा हिस्सा.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला ती सांगतो: रणगाड्यामागच्या लाटा. खोल पाण्यात सरळ चालणाऱ्या कोणत्याही नौकेमागे उमटणाऱ्या लाटांच्या पाचरीची प्रत्येक बाजू मार्गरेषेशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते, मग वेग कितीही असो. भौतिकशास्त्रात याला केल्विनचे नाव आहे. वेग बदलला की बदलते ते मागच्या आडव्या लाटांमधले अंतर, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. पीटी-७६ स्वतःच्या बळावर पाण्यात ताशी सुमारे १० किलोमीटर जातो; त्या वेगाला हे अंतर साधारण ४.९ मीटर, म्हणजे मॉडेलवर १४१ मिलिमीटर येते. ओढला जाणारा रणगाडा त्याच्या निम्म्या वेगाने चालला आहे असे धरले तर तेच अंतर ३५ मिलिमीटरवर येते. पहिल्या प्रयत्नात मी डोळ्यांच्या अंदाजाने लाटा दूर दूर काढल्या होत्या आणि रणगाडा दोराला झुलत असूनही पळत असल्यासारखा दिसत होता. लाटा जवळ आणल्या आणि तो थकला.

याच ओघात एक कबुली. पीटी-७६ तळातून पाणी आत ओढून मागच्या दोन तोंडांतून जोराने फेकतो आणि त्यावर पोहतो. म्हणून मी मागे कापसाचे तंतू जेलमध्ये भिजवून दोन पांढरे, उसळते प्रवाह मोठ्या हौसेने केले. दोन दिवस ते पाहून खूश होतो. मग ध्यानात आले की इंजिन बंद पडले म्हणून तर नाव ओढते आहे. फेस येईल कुठून? सगळे खरवडून काढले. आता फेस आहे तो फक्त पुढच्या उभारलेल्या फळीपाशी, जिथे पाणी आडवे येऊन दुभंगते, आणि नावाड्याच्या वल्ह्यापाशी.

वल्ह्यावरून गळणारे थेंब आणि दोरावरून ओघळणारे पाणी यांसाठी अतिनील रेझिन उत्तम. सुईच्या टोकाने थेंब ठेवायचा, नखे रंगवणाऱ्यांकडे असतो तसला लहान दिवा मिनिटभर धरायचा, झाले. त्यात अपारदर्शक रंग मिसळला किंवा थर दोन-तीन मिलिमीटरहून जाड केला तर प्रकाश आत पोहोचत नाही आणि मधला भाग ओला राहतो. पंचवीस ग्रॅमची बाटली अशा दहा डायोरामांना पुरेल.

आणि इपॉक्सी? ते फेकून दिले नाही. काठाच्या कोपऱ्यात, जिथे चिखल पाण्याखाली सरकतो, तिथे तळ दिसायलाच हवा होता. बोटभर रुंदीच्या त्या पट्ट्यात, शून्यापासून सहा मिलिमीटरपर्यंत खोल होत जाणाऱ्या उतारावर, तेच रेझिन दोन थरांत ओतले. या वेळी प्लास्टरला आधी लाखेचे दोन हात दिले, ऑक्टोबरचे कोरडे दिवस निवडले, बाटल्या मिसळण्याआधी कोमट पाण्यात ठेवल्या म्हणजे द्रव पातळ होऊन बुडबुडे सहज सुटतात, आणि दुसऱ्या थरात टूथपिकच्या टोकाला लागेल एवढाच मातकट रंग घातला. परिणाम असा की रणगाड्याच्या पट्ट्यांनी चिखलात उठवलेल्या जुन्या खुणा पाण्याखाली विरत जाताना दिसतात, आणि जेल हे काम कधीच करू शकले नसते. हातमोजे नायट्रिलचेच वापरावेत, कारण इपॉक्सीची एकदा त्वचेला ॲलर्जी जडली की ती पुढे सोडत नाही.

बंगालच्या नद्यांवर जलपर्णी असतेच, आणि पुण्यात राहणाऱ्याला तिचे नमुने पाहायला दूर जावे लागत नाही, मुळा-मुठेच्या कोणत्याही पुलावरून खाली पाहिले तरी पुरते. तिची सात-आठ सेंटिमीटरची पाने मॉडेलवर दोन मिलिमीटरची होतात. चामड्याला भोके पाडायच्या दोन मिलिमीटरच्या पंचने रंगवलेल्या कागदाचे सुमारे चारशे तुकडे पाडले आणि ओल्या जेलवर पाच-सहाच्या पुंजक्यांत बसवले. पाण्याच्या सरकत्या पृष्ठाला मापाची जाणीव देणारी या डायोरामावरची ही सर्वांत स्वस्त गोष्ट.

पैशांचे गणित असे: इपॉक्सीवर मी सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास घालवले आणि त्यातले कामी आले ते जेमतेम शंभर मिलिलिटर. जेल, प्लास्टर आणि रंग यांचा खर्च हजारात आटोपला. नवशिक्याने नदी किंवा समुद्र करायचा असेल तर आधी जेलचा लहान डबा घ्यावा आणि तळहाताएवढ्या पाटावर हात बसवावा. इपॉक्सीचा संच उथळ पाण्याचे काम समोर आल्यावरच, आणि तोही सर्वांत लहान मापाचा. अतिनील रेझिनची छोटी बाटली दोघांनाही जोड म्हणून असावी. पॉलिएस्टर घेऊ नये.

जेलची एक मर्यादा मात्र सुकल्यानंतरही राहते. ॲक्रिलिक दमट हवेत किंचित मऊ पडते, धूळ धरते, आणि ओले फडके टेकवून ठेवले तर त्या जागी पांढुरके होते. वाळले की निवळते, पण बसलेली धूळ निघत नाही. म्हणून मी त्यावर पाण्याने पातळ करायच्या चकाकी वार्निशचा एक पातळ हात दिला आहे, पाट काचेच्या पेटीत ठेवला आहे, आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्यात, रणगाड्याच्या आड दिसणार नाही अशा बेताने, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या आहेत. पावसाळ्यात त्या दर पंधरा दिवसांनी बदलतो.